पाच शेजाऱ्यांचा अणू

वाहनांच्या धुरातलं विष मारण्यासाठी वापरायची अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची एक पांढरी भुकटी प्रयोगशाळेत अभ्यासाला आली आणि तिच्यापायी एका सुखी संसारात शास्त्रीय मतभेद उत्पन्न झाले.

विष मारतात ते प्लॅटिनमचे कण. भुकटीने त्यांना फक्त जागेवर धरून ठेवायचं. ती कशी धरते, हे शोधायचं काम नवरा-बायकोकडे होतं. बायको यंत्रात नमुना ठेवून वर्णपट काढी. नवरा नमुन्याचं तोंडही न बघता संगणकावर त्याची रचना मांडी. त्याच्या रचनेत अ‍ॅल्युमिनियमच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे चार नाहीतर सहा शेजारी होते. बायकोच्या वर्णपटात मात्र चार आणि सहाच्या शिखरांच्या मधोमध एक भलतंच शिखर उगवलं. पाच शेजारी असलेल्या अणूंचं.

"यंत्र बिघडलंय तुझं," नवरा म्हणाला.

"यंत्र ठणठणीत आहे. तू गणित तपास."

"अगं, महासंगणकाचं आहे ते!" वडीलधाऱ्यांचा पाणउतारा झाल्यासारखा त्याचा चेहरा पडला.

प्रकरण संचालकांकडे गेलं. त्यांनी दोघांना समोर बसवलं. "भांडणं घरी. अहवालात एकवाक्यता हवी. गणित बदलायचं तर महासंगणकापुढे पुन्हा रांग. त्यापेक्षा भुकटी बदला. ती काही तक्रार करत नाही."

"पण सर, प्लॅटिनम त्या पाचवाल्यांनाच धरून बसलंय, असा माझा संशय आहे," बाई म्हणाल्या.

"संशयाला अहवालात रकाना नाही."

भुकटी भट्टीत गेली. शिखर मावळेपर्यंत तिला भाजण्यात आलं. वर्णपट आणि गणित तंतोतंत जुळलं, रचना प्रमाणित झाली, नवऱ्याचा सत्कार झाला. फक्त प्लॅटिनमच्या कणांना धरायला काही उरलं नाही. ते घसरत घसरत एकमेकांच्या गळ्यात पडले, त्यांचे गोळे झाले आणि विष आरामात बाहेर पडू लागलं.

ते गोळे पाहून नवऱ्याची झोप उडाली. त्याने गुपचूप नवी रचना मांडली, तीत पाच शेजाऱ्यांचे वेडेवाकडे अणूही घेतले आणि उत्तर आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुझं बरोबर होतं. पाचवालेच धरतात."

बाईंनी गॅस बंद केला. "परत म्हण. नीट ऐकू आलं नाही."

दोघं उत्साहाने संचालकांकडे धावले.

"अभिनंदन!" संचालक म्हणाले. "पण प्रमाणित भुकटी कारखान्यांत पोचलीसुद्धा."

"अहो सर, धुराच्या वर्णपटात विषाचं शिखर दिसतंय!" बाई म्हणाल्या.

"प्रमाणित भुकटीनंतर विष उरतं, असं मंजूर गणितात आहे?" संचालकांनी नवऱ्याला विचारलं.

"नाही, पण..."

"मग ते शिखर वगळा."

शिखर वगळलेल्या अहवालावर सही करायला बाईंनी साफ नकार दिला. त्यांची बदली ग्रंथालयात झाली. नवऱ्याने सही केली. त्यानंतर बरेच दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता.

तेव्हापासून त्या अहवालानुसार धूरतपासणी केंद्रांतली यंत्रं विषाच्या शिखराकडे डोळेझाक करतात. परवा तुम्हीही गाडी नेली होतीत. पडद्यावर सरळ रेघ उमटली, प्रमाणपत्र हातात पडलं, तुम्ही खूश झालात. आणि मागच्या सीटवर लेक खोकायला लागली तेव्हा तुम्ही तिला खिडकी लावून घ्यायला सांगितलंत.