एल्डर जेन्सनला नाही म्हणताना

नाही म्हटल्यावर माणसाचं तोंड पडतं, असा माझा आजवरचा समज होता. टॅम्पिनीसच्या एमआरटी स्टेशनबाहेर एल्डर जेन्सन भेटला आणि तो समज मोडीत निघाला.

संध्याकाळची वेळ. पाया लेबारच्या ऑफिसात दिवसभर पिळून निघालेला मी घरी चाललोय, आणि समोर हा उभा. सिंगापूरच्या त्या घामट हवेत पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत आवळलेला टाय, छातीवर नावाची काळी पाटी आणि चेहऱ्यावर असा आनंद, की लॉटरी लागलीये आणि ही स्वारी ती वाटत सुटलीये.

"सर, एक मिनिट आहे का?"

"नाही."

"थँक यू सो मच, सर."

यात उपरोध नव्हता. उपरोध मला लांबून कळतो, माझा तो घरचा धंदा आहे. पोरगा खरोखर खूश झाला होता. पाठ वळताच तो जोडीदाराला म्हणाला, "दॅट वॉज क्लोज." आता कशाच्या क्लोज? मी चालता चालता थांबलोसुद्धा नव्हतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ख्रिस्ती लोकांत मॉर्मन नावाचा एक पंथ आहे. त्यांची पोरं कॉलेजच्या वयाची झाली की दोन वर्षं घरदार सोडतात आणि पाठवतील त्या देशात जाऊन धर्म सांगत हिंडतात. पगार नाही. उलट खर्च ज्याचा त्याने करायचा. आपल्याला नोकरीत अपमान गिळायचे पैसे तरी मिळतात. हे लोक पदरमोड करून गिळतात. या पोरांना म्हणायचं 'एल्डर', म्हणजे वडीलधारे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या गालावर अजून मुरूम होते. कायम जोडीने फिरायचं असा त्यांचा नियम. जेन्सनचा जोडीदार फिलिपिन्सचा, एल्डर रेयेस. तो फार बोलायचा नाही. दोघांच्या वाटणीचं जेन्सन एकटाच बोलायचा.

रोज तेच स्टेशन, तोच मी, तेच नाही. हळूहळू ओळखच झाली. मग मी घरी जायची घाई नसेल त्या दिवशी दोन मिनिटं थांबून त्याची खेचायला लागलो. आणि पंचाईत अशी, की याची खेचताच यायची नाही.

"काय, आज किती गिऱ्हाइकं?" मी विचारायचो.

"आज फार छान दिवस गेला, मिस्टर थोरात. एका अंकलनी मला दहा मिनिटं झापलं. दहा मिनिटं! मला एवढा वेळ कुणीच देत नाही."

नकारांचा त्याचा अभ्यास दांडगा होता. फोनवर बोलतोय असं दाखवून निसटणारा माणूस त्याला सज्जन वाटायचा, कारण त्याने निदान नाटक करायचे कष्ट घेतले. 'नो नीड ला' वगैरे तर त्याच्या लेखी कौतुकच. सगळ्यात आवडता नकार म्हणजे 'नेक्स्ट टाइम'. "म्हणजे त्यांचं सगळं ठरलंय," तो मला समजावून सांगायचा, "फक्त वेळ ठरायची राहिलीये."

आमचा पीआरचा, म्हणजे कायम रहिवासाचा, अर्ज पुन्हा एकदा परत आला तेव्हाची गोष्ट. इतकी वर्षं या देशात टॅक्स भरतोय, रांगेत उभा राहतोय, आणि कायम राहायचं म्हटलं की सभ्य भाषेत नाही. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि नेमकं त्यालाच मी ते सांगून बसलो.

त्याचा चेहरा उजळला. "पण त्यांनी उत्तर पाठवलं ना?"

"हो. नाही म्हणून."

"म्हणजे त्यांनी तुमचा अर्ज वाचला. दॅट इज क्लोज."

मी त्याला काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. त्याने थँक यू म्हटलं.

एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं. पण आमच्या मातोश्री मध्ये पडल्या.

बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते. आम्ही मूळचे मंचरचे. आईचं उभं आयुष्य बटाट्याच्या वावरात गेलं, आणि म्हातारपणी तिला लेकाने नवव्या मजल्यावर आणून ठेवलं. माझी बायको मुग्धा आणि मी दिवसभर ऑफिसात. आई संध्याकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बाकावर जाऊन बसते. बाजूला चिनी आज्ज्या बसतात. त्यांना मराठी येत नाही, हिला चिनी येत नाही, तरी त्यांच्या सुनांबद्दल आईला सगळं माहीत असतं.

एका शनिवारी बेल वाजली. दार उघडतो तर आई. मागे एल्डर जेन्सन, हातात आमची भाजीची पिशवी. त्याच्या मागे एल्डर रेयेस, हातात कलिंगड.

"पोरं कुणाची आहेत रे?" आई म्हणाली. "पिशवी घेतली माझी. काहीतरी विचारत होता, मी म्हटलं हो, हो, चल वर."

मी कपाळावर हात मारला. अख्ख्या सिंगापुरात त्याला हो म्हणणारी एकच बाई निघाली, ती माझी आई. आणि तीही, तो काय विचारतोय ते कळलं नाही म्हणून. जेन्सन दारात उभा राहून नुसता लकाकत होता.

आईने चहा टाकला. आता या लोकांना चहा-कॉफी वर्ज्य. जेन्सन म्हणाला, नो थँक यू. आईच्या शब्दकोशात पहिल्या नाहीला काही किंमत नाही. ती रीत असते. तिने कप पुढे केला. तो नो म्हणाला. तिने खारी काढली. तो लालबुंद झाला. जन्मभर दुसऱ्यांचं नाही झेललेला हा पोरगा स्वतः नाही म्हणताना असा काही घामाघूम झाला, की मला त्या शनिवारी प्रथमच मजा आली.

"चहा पीत नाही तो, आई. त्यांच्या धर्मात चालत नाही."

"मग एवढा हसतो कशाच्या जिवावर?" असं म्हणून आईने दोघांना पेलाभर दूध दिलं, वेलदोडा घालून. ते त्यांनी एका दमात संपवलं.

तेव्हापासून दर शनिवारी हजेरी. त्यांचा आणखी एक नियम निघाला: घरात बाईमाणूस एकटं असेल तर त्यांनी जायचं नाही, तिथे आणखी एक पुरुष हवा. आई सत्तरी ओलांडलेली. ती पोट धरून हसली. "या वयात मला कोण पळवतंय?" पण नियम तो नियम. म्हणून दर शनिवारी माझी क्रिकेटची मॅच सोडून मी आईचा अंगरक्षक. शिवाय दुभाषा, तोही बिनपगारी.

जेन्सन धर्माचं पुस्तक उघडायचा. आई त्याला थालीपीठ वाढायची. तो देवाच्या योजनेबद्दल मनापासून बोलायचा, मी त्याचं मराठी करायचो, "देव चांगला आहे म्हणतोय." आई म्हणायची, "आहेच की. त्याला सांग, लोणी घे." मग एकदा बोलता बोलता कळलं की हा अमेरिकेतल्या आयडाहो का कुठला आहे, आणि त्याच्या बापाची बटाट्याची शेती आहे. झालं. देव बाजूला राहिला. बेण्याचा बटाटा कापताना प्रत्येक फोडीला डोळा राहिला पाहिजे, हे दोघांचं एकमत. कापलेल्या फोडीला राख लावावी की नुसती सुकवावी, यावर मात्र दोघांचं बिनसलं, आणि मी मॅचचा स्कोअर बघता बघता दोन्हीकडच्या भांडणाचा तर्जुमा करत राहिलो.

त्याच्या बापाची जमीन आपल्या अख्ख्या गावाएवढी आहे हे कळल्यावर आई म्हणाली, "आणि हा इथे उन्हात लोकांच्या पाया पडत फिरतोय? विचार त्याला, एवढं करून आजवर किती जण आले?"

हे मी विचारलं. मला उत्तर ऐकायचंच होतं, खोटं कशाला बोलू.

"अजून कुणी नाही," जेन्सन हसत म्हणाला. त्याचे दोन मोठे भाऊही असेच परदेशी जाऊन आले होते. त्यांनी कितीतरी माणसं पंथात आणली होती. पाण्यात बुडी देऊन दीक्षा देतात, त्याचे पांढऱ्या कपड्यांतले फोटो त्याच्या आईने फ्रिजवर लावलेत. "माझ्यासाठी तिने जागा ठेवलीये. मला फक्त एक माणूस हवाय, मिस्टर थोरात. एक." आणि लगेच, "वी आर गेटिंग क्लोज."

पुढच्या महिन्यात त्याची दोन वर्षं संपत होती. आईने बोटांवर दिवस मोजत ऐकलं आणि उठून आत गेली.

मग त्याचा आमच्याकडचा शेवटचा शनिवार आला. सोमवारी त्याचं विमान होतं. आईने चांगलं इरकली लुगडं नेसून दोघांना समोर बसवलं आणि मला म्हणाली, "त्याला सांग, मी येते."

"कुठे?"

"ते पाण्यात बुडवतात ना, तिथे. रामकुंडात बुडी मारली, वाडीला मारली. आणखी एक बुडी मारल्याने मी काय विरघळत नाही. देव्हाऱ्यात एक देव वाढला तर वाढला."

"आई, ते एवढं सोपं नसतं."

"तू बाकीचं शहाणपण ठेव. सांग."

मी सांगितलं. रेयेस ताठ होऊन बसला. मला वाटलं, जेन्सन आता छताला डोकं आपटेपर्यंत उडी मारणार. तो हसला नाही. इतक्या महिन्यांत न हसणारा जेन्सन मी पाहिलाच नव्हता. भलताच लहान दिसत होता.

"तिला विचारा, का?" तो म्हणाला.

आईला उत्तर शोधावं लागलं नाही. "दोन वर्षांनी पोरगं घरी चाललंय. रिकाम्या हाताने कसं जाईल? त्याची आई वाट बघत असेल."

या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. त्याने मांडीवरचं पुस्तक मिटलं. रेयेस हळूच म्हणाला, "जेन्सन, ती हो म्हणतेय."

"नाही," जेन्सन म्हणाला. "ती मला हो म्हणतेय. ते देवाला म्हणायचं असतं. असं कसं घेऊ मी?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "प्लीज, तिला नाही म्हणून सांगा. मला नाही जमणार."

आणि तो रडायला लागला. टाय ओला होईपर्यंत रडला. रडता रडता जे बोलला त्याचं सार एवढंच, की त्याला इथे रोज फार एकटं वाटायचं. सकाळी शर्टाला इस्त्री करता करता तो घरी जायचे दिवस मोजायचा. छान दिवस, छान दिवस असं मोठ्याने म्हणत राहिलं नाही तर स्टेशनवरच बसून रडू येईल, म्हणून तो म्हणायचा. माझ्या तोंडात दोन-तीन चांगले टोमणे असतात कायम. ते गिळून मी फोनवरचा स्कोअर बंद केला. मला फार वाईट वाटलं.

आईला नकार पोचवायची गरजच पडली नाही. ती उठली, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं, नको तर नको. माझं काय मेलं अडलंय? पण मग काय देऊ तुला, ते तरी सांग."

मी विचारलं. त्याने नाक ओढलं. उद्या रविवार, आणि घरी परतणाऱ्याने प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर दोन शब्द बोलायचे असतात, म्हणाला. घरी असं काही असलं की त्याची आई पहिल्या रांगेत बसते. "इथे माझं असं कुणीच नाही. त्या फक्त येऊन बसतील का? काहीच करायला नको. नुसतं बसायचं."

रविवारी आम्ही गेलो. तसं मोजायचं झालं तर त्याच्या सांगण्यावरून दोन माणसं आली, पण मला धरू नका, मी ड्रायव्हर. नीटनेटकं सभागृह, सगळे कुजबुजत्या आवाजात बोलणारे. आई थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून. जेन्सनचं नाव पुकारलं. तो माइकपुढे उभा राहिला, नेहमीचं हसू चढवलं, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. खाली बघितलं, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. लोक मान खाली घालून बसले. कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात आई उठून उभी राहिली. अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा, वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायच्या आवाजात म्हणाली, "बोल बाळा. मी बसलेय इथे."

आणि ती पुन्हा खाली बसली. जेन्सनने एकदा डोळे पुसले आणि तिच्याकडे बघत बोलायला सुरुवात केली.