टेलरमास्तरांच्या तर्जनीवरील मोहीम

एका घरात तीन तोंडे आणि तीन हकिकती होऊ लागल्या, सबब खरे वर्तमान एकवार कागदी चढावे ऐसा सूनबाईसाहेबांचा हुकूम जाहला. त्याअन्वये घडले ते लिहिले. तिखटमीठ लाविले नाही. कोठे लागले असेल तर आपसूक लागले.

राजमान्य राजश्री टेलरमास्तर, कात्रीबहाद्दर, उमर अडुसष्ट, यांणी चाळीस साले सुईवर मुलूख राखिला. मग डोळियांत मोतीबिंदूने ठाणे दिले आणि सुईत दोरा ओवणे मुश्कील जाहले, आणि तेव्हापासोन मास्तरीणबाईसाहेब रोज सकाळी वीस सुया ओवोन सुया खोचण्याचे लहान गादीस टोचोन ठेवीत, आणि मास्तर त्या पुरवोन वापरीत. डॉक्टरांनी फर्मान काढिले की, घरीच उपाशीपोटी बोट टोचोन रक्तातील साखर मोजावी, आकडा बेताचा असलिया शस्त्रक्रिया करोन डोळा सुधारू, नसलिया डोळा आहे तैसा राहील.

मास्तरांची कीर्ति ऐसी की, मशीनची सुई नखातोन आरपार गेली तरी हूं की चूं केले नाही. परंतु ती सुई घरची. ही साखरमोजणीची सुई परक्या कळेची, पेनाचे पोटी दडलेली, खटका दाबताच डसणारी. कधी डसेल त्याचा भरवसा नाही. मास्तर मनी फार दचकले आणि बोटावर पितळी अंगुस्तान चढवोन रणी बैसले. सूनबाईसाहेबांनी ते उतरविण्याचा हुकूम केला. मग मास्तरांनी डाव्या हातीची तर्जनी पुढे केली. ती चाळीस सालांचे टोचणीने घट्टे पडोन तटबंदी जाहली होती. तीन सुया बदलोन तीन हल्ले केले, थेंब न निघे. मास्तरांनी जाहीर केले की, अंगी रक्तच नाही तेथे साखर कोठली, आणि चपला शोधू लागले.

तेव्हा मास्तरीणबाईसाहेब कडाडल्या, "अहो, बसा खाली! सुईवर जन्म काढला आणि आता सुईला भिता? हे बघा, माझं टोचते." ऐसे म्हणोन नवी सुई घालोन खटका दाबिला, थेंब पट्टीस लाविला, आणि यंत्राने आकडा दाविला: दोनशे एक्क्याऐंशी.

सूनबाईंनी साबणाने हात धुवविले आणि फिरोन मोजिले. दोनशे अठ्ठ्याहत्तर. बाईसाहेब रात्री चार वेळा पाणी पिण्यास उठत आणि दुपारी बसल्या जागी पेंगत, हे अवघ्यांस ठाऊक होते. पुसिले कोणी नाही.

मग मास्तरांनी मुकाट उजव्या हातीचे मऊ बोट पुढे केले आणि डोळे न मिटता टोचोन घेतले. एकशे अठरा, अगदी बेताचा. ज्या आकड्यासाठी रण माजले तो उमटला आणि त्याजकडे कोणी पाहिले नाही.

डॉक्टरांनी बाईसाहेबांस औषध दिले आणि रोजचे टोचणे नेमिले. दुसरे दिवशी सकाळी बाईसाहेबांनी पेन हाती घेतले आणि तैसेच खाली ठेविले, कालचा आवेश कोठे गेला कळेना. तेव्हा मास्तर जवळ सरकले. डोळियांस दिसे ते धूसर, परंतु बोटांस दिसत होते. कापडाची कड चाचपावी तैसी बाईसाहेबांचे बोटाची बाजू चाचपिली, घट्टा टाळिला, मऊ जागा धरिली आणि दाराशी पडल्या पोतेऱ्याविषयी बोलणे काढिले की, ते फार मळले आहे.

"ते राहू द्या," बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही टोचताय कधी?"

"टोचलं की."

येणेप्रमाणे बोट सर जाहले. थेंब एक, आरोळी नाही. त्या सकाळी गादीवरील वीसही सुया बिनदोऱ्याच्या राहिल्या, आणि मास्तर त्याविषयी एक अक्षर बोलिले नाहीत, ही फत्ते पहिलीहून थोर जाणोन येथे नोंदिली आणि दौत झाकिली.