सुटे आकडे

सुरक्षितता आणि सोय एका घरात सुखाने नांदत नाहीत, यावर आता सर्व तज्ज्ञांचं एकमत झालेलं आहे. कुलूप भक्कम असलं की किल्ली हरवते, आणि किल्ली कुंडीखाली ठेवली की अख्ख्या गल्लीला ठाऊक होते. इंटरनेट सेवांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ओटीपी. आकडे सहा, मुदत तीन मिनिटं. कौटुंबिक जिव्हाळ्यासाठी या शतकात एवढं काम दुसऱ्या कोणी केलेलं नाही, असं माझं नम्र मत आहे.

पुरावा देतो. आमची मुलगी दुसऱ्या शहरात असते. किराणा, सिनेमे, तिकिटं, विजेच्या तक्रारी अशी तिची एकूण सात खाती फार पूर्वी माझ्या मोबाइल नंबरवर उघडलेली. (तेव्हा तिच्याकडे मोबाइल नव्हता. आता तीन आहेत.) ओटीपीपूर्व वर्षात तिचे फोन आले अकरा, पैकी दोन चुकून लागलेले. खात्यांनी सुरक्षा कडक केल्यावर सहाच महिन्यांत त्रेसष्ट.

"बाबा, कोड आला का?"

"नाही गं अजून." (आलेला असतो.)

या अधिकृत प्रतीक्षाकाळात नातीचा पुढचा दात पडला, जावयांची पाठ धरली आणि मुलीने घर बदललं, ही सर्व माहिती मला मिळाली. कोडचा फोन आला की आमची हीसुद्धा भाजीची सुरी हातात घेऊन शेजारी येऊन बसते. सुरक्षेच्या कारणास्तव, दुसरं काय!

मग आकडे. ते मी जोडीने सांगतो.

"एकोणऐंशी, सदुसष्ट, त्रेचाळीस."

"एकोणऐंशी म्हणजे सहा नऊ?"

"सहा नऊ म्हणजे एकोणसत्तर."

"अहो बाबा, सुटे सुटे सांगा ना!"

तोवर मुदत संपते. नवा कोड, नवी तीन मिनिटं. लेकीला इंग्रजी शाळेत घातल्याचं सार्थक मला इतक्या उशिरा कळलं.

दिवस फारच चांगला असेल तर मी शहात्तरच्या जागी सदुसष्ट सांगतो. इथे एक खुलासा आवश्यक आहे. मी टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर चौतीस वर्षं काढली. रोज तीनशे माणसांना नंबर सांगितले. चुकीच्या नंबराची एकही तक्रार नाही. तसं प्रशस्तिपत्रक कपाटात आहे.

"किती छळाल हो पोरीला?" ही म्हणते, आणि स्वतःच स्पीकर चालू करते.

गेल्या महिन्यात मुलगी अचानक घरी आली. माझा मोबाइल घेऊन खुर्चीत बसली आणि चाळीस मिनिटांत सातही खाती तिने आपल्या बोटाच्या ठशावर करून घेतली.

"आता तुम्हाला काही त्रास नाही हं, बाबा," ती म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन हळूच आईला म्हणाली, "आई, बाबांना आकडे उलटे दिसतात गं हल्ली. किती हुशार होते ते! एकदा डॉक्टरांना दाखवून घे." आवाज रडवेला होता.

आत जाऊन सगळं खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण सांगणार काय, कप्पाळ? तुझा आवाज ऐकायला मी मुद्दाम चुकतो म्हणून? मी पेपर वाचत बसलो.

तांत्रिकदृष्ट्या तिचा निर्णय बिनचूक आहे. सोय शंभर टक्के, सुरक्षितता शंभर टक्के. फोन, एकोणीस दिवसांत, शून्य. मध्यंतरी डॉक्टरांनी मला तपासलं आणि दुकानदाराने मोबाइलला. आम्ही दोघेही ठणठणीत आहोत.

तुम्ही हसताय, हसा. मला अजून दोनशे बारा नंबर तोंडपाठ आहेत. त्यांतली बरीच माणसं आता फोन उचलण्याच्या पलीकडे गेलीत, तरी पाठ आहेत. तुम्ही एकच सांगा, तुमच्या वडिलांचा. मोबाइलमध्ये न बघता. घाई नाही, तीन मिनिटं आहेत. सुटे सुटे सांगितलेत तरी चालेल.