निरीक्षकसाहेबांचे पाच किलो अक्रोड

अन्न-निरीक्षक म्हणून साहेबांनी तीस वर्षं दुसऱ्यांची गोदामं हुंगली होती. निवृत्त झाल्यावर हुंगायला घराशिवाय काही उरलं नाही. म्हणून ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून त्यांनी पाच किलो सोललेले अक्रोड आणले, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “हवाबंद डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवते.”

“तू मला शिकवतेस? फ्रीजमध्ये भाजी ठेवतात. चांगला माल आल्यागेल्याला दिसला पाहिजे.”

झालं. काचेच्या पाच बरण्या शेगडीवरच्या फळीवर, खिडकीतल्या भर उन्हात, कवायतीला उभ्या राहिल्या. झाकणं नुसती टेकवलेली, कारण साहेबांच्या मते मालाला श्वास घेऊ द्यावा लागतो.

तीन महिन्यांनी मुलीचं लग्न ठरलं आणि होणारे व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच घरी आले. बायको कॉफीच्या मागे असताना साहेबांनी स्वतः ताटली भरून पुढे ठेवली.

“घ्या. असा माल बाजारात मिळत नाही.”

व्याह्यांनी एक तोंडात टाकला. त्यांचे जबडे थांबले, मग सोयरिकीचा विचार करून पुन्हा चालू लागले. “वेगळीच चव आहे,” ते म्हणाले.

“मग आणखी घ्या की.”

आग्रहाने व्याह्यांना सहा खावे लागले. विहीणबाई मात्र दर अक्रोडानंतर रुमालाने तोंड टिपत होत्या.

तेवढ्यात बायको कॉफी घेऊन आली. ताटलीवर वाकली आणि जागीच थबकली. “अहो, हे खवट झालेत. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतोय.”

मुलीने डोळे मिटून घेतले. साहेबांचे कान तापले, पण तीस वर्षांचा अनुभव मदतीला धावला.

“अर्थात खवट आहेत,” ते म्हणाले. “मुद्दामच ठेवले. लोकांना ओळखता येत नाही, म्हणून दाखवावं लागतं. हा बघा, आतून काळपट, तेलकट. ताजा असता तर कट्कन मोडला असता, हा रबरासारखा वाकतो. चव कडू, घशाला खरवडणारी. उजेड, हवा आणि उष्णता, हे तीन शत्रू.”

“म्हणजे आमची परीक्षा चालली होती?” व्याह्यांनी विचारलं.

“तसंच समजा.”

“मग मी नापास. सहा खाल्ले.”

“मी पास,” विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर रुमाल उलगडला. आत चघळलेले पाच अक्रोड होते.

व्याही पोट धरून हसले. मुलगीही हसली. लग्न वाचलं, असं वाटून साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली.

“पण तुम्हाला बरं लगेच ओळखता येतं,” विहीणबाई साहेबांना कौतुकाने म्हणाल्या.

“येतं ना,” कॉफी ओतता ओतता बायको म्हणाली. “गेला महिनाभर रोज सकाळी यातलेच चार खातायत. बुद्धी तल्लख राहते म्हणून.”