डुकराच्या काळजात काय दिसलं

जिंबुनने कच्चा आंबा खाल्ला. बस, एवढंच. तोही अख्खा नाही, चार फोडी, मीठ लावून. आता तुम्हीच सांगा, जावयाने कैरी खाल्ली म्हणून कुणाचा सासरा मरायला टेकतो का?

तर रेजांग नदीकाठच्या त्या लांबघरात (अख्खं गाव एका छपराखाली; या टोकाला शिंकलात की त्या टोकाची म्हातारी विचारणार, सर्दी का रे?) एक नियम आहे. तुआक, म्हणजे भाताची घरची दारू, ज्याने लावली त्याने ती तयार होईस्तोवर आंबट खायचं नाही. खाल्लं की रांजण आंबलाच. सासूबाईंचे, लुलोंगबाईंचे, हात सांधेदुखीने धरले म्हणून यंदा सणाची तुआक जिंबुनच्या गळ्यात पडली. जिंबुन सिबू शहरात मोबाईल दुरुस्त करणारा. लग्नानंतर बायकोच्या घरी येऊन राहिलेला. त्याने विचार केला, मी काय खाल्लं ते दारूला कोण सांगणार?

कुणीतरी सांगितलं. झाकण काढलं आणि असा भपकारा आला की शेजारी अंड्यांवर बसलेली कोंबडी संसार सोडून निघून गेली.

सासूबाईंना सांगायची हिंमत नव्हती. मग रोज संध्याकाळी एक बादली भरायची, गोठ्यामागे जायचं आणि डुकराच्या डोणीत ओतायची. पुढचा रांजणही बिघडला (कैऱ्यांचा मोसम होता हो, माणसाने करायचं काय?), तोही तिकडेच. डुक्कर एवढं खूश की जिंबुन दिसला की कुंपणाला टेकून डोळे मिटायचं. त्या घरात त्याच्यावर असं प्रेम दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

आणि नेमकी त्याच वेळी सासऱ्यांच्या पोटात गाठ निघाली.

सासरे, संगाऊ, अंगाने धिप्पाड, मिरीच्या बागेत दिवसभर राबणारे. महिन्याभरात खुंटीवर टांगलेल्या शर्टासारखे दिसायला लागले. सिबूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गुरुवारी कापू. उशीर केलात तर कापण्यात अर्थ नाही.

"आधी डुकराला विचारतो," संगाऊ म्हणाले.

यात हसण्यासारखं काही नाही. मोठं काम काढायचं असलं की तिथे डुकराच्या कानात प्रश्न सांगतात, मग ते कापतात आणि त्याचं काळीज, म्हणजे लिव्हर, बघून जाणता माणूस उत्तर सांगतो. पूर्वापार चालत आलंय. आणि घरात डुक्कर एकच होतं.

उंगात आजोबांनी ते काळीज केळीच्या पानावर ठेवलं. गावातले सगळ्यांत जुने जाणते तेच. काळीज पिवळं पडलेलं, फुगलेलं, ठिपके ठिपके. आजोबांनी ते बोटाने दाबून पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"संगाऊ, जेवून घे बाबा," ते हळूच म्हणाले.

सासूबाई मटकन खाली बसल्या. सेंदीने, म्हणजे जिंबुनच्या बायकोने, बापाचा हात धरला. संगाऊंनी मान हलवली आणि तिथल्या तिथे वाटणी सुरू केली. बंदूक मोठ्या भावाला. वाडवडिलांची घंटा सेंदीला. "झुंजीचा कोंबडा जिंबुनला. पोरगा बरा आहे. हॉस्पिटलला कळवा, येत नाही म्हणून."

जिंबुन अडकला. बोललो तर सासूबाई मारणार, नाही बोललो तर सासरे मरणार. (सासूबाईंकडे बघून त्याने क्षणभर हिशेब करूनही पाहिला, खोटं कशाला बोला.)

"आजोबा, ते डुक्कर… पीत होतं."

"काय पीत होतं?"

"तुआक."

"कुणाची?"

"आपलीच. आंबलेली. रोज."

"रोज म्हणजे?"

"रविवारी दोनदा."

मग सासूबाई म्हणाल्या, "कैरी खाल्लीस."

"चार फोडी, आई."

"मेल्या, डुकराला माझ्या नवऱ्याचं भविष्य सांगायचं होतं आणि तू त्याला दारुडा करून ठेवलास!"

आजोबांनी चष्मा पुन्हा चढवला, काळीज उलटंपालटं केलं. "मग हे संगाऊचं नाही," ते म्हणाले. "ज्याच्या हातचं पिऊन झालं, त्याचं. हे सगळं जिंबुनवर आहे."

एवढ्या लोकांनी एवढ्या मायेने जिंबुनकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी त्याच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा वाढला. सेंदी म्हणाली, "बाबा, मग तुम्ही मोकळे. गुरुवारी जाऊ."

"जाऊ की," संगाऊ म्हणाले. "पण आधी ते याच्यावर पडू दे. तोवर ते घरातच फिरतंय, चुकून माझ्यावर बसायचं."

झालं! आता जिंबुनवर गुरुवारच्या आत संकट कोसळणं भाग होतं. तो ड्युरियनच्या झाडाखाली जाऊन बसला. डोक्याएवढी काटेरी फळं धपाधप पडत होती, सगळी वारभर लांब. मधमाश्यांच्या पोळ्याखाली उभा राहिला. माश्या कामात होत्या. एरवी रोज ठेचकाळणारा माणूस, आता साधी फांदी लागेना.

संध्याकाळी डुकराच्या रिकाम्या कुंपणापाशी संगाऊ एकटेच बसलेले दिसले.

"काही झालं का रे?"

"नाही बाबा. प्रयत्न चालू आहेत."

म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला, "सावकाश होऊ दे. घाई नाही." मग थोड्या वेळाने, "ते पोट उघडतात ना, तेव्हा माणूस खरंच झोपलेला असतो? तुला काय माहीत म्हणा." तेव्हा कुठे जिंबुनच्या लक्षात आलं. डुक्कर नको म्हणालं, तेव्हा म्हाताऱ्याला सुटल्यासारखं झालं होतं.

त्याने हे सेंदीला सांगितलं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, वरून खाली.

गुरुवारी लाँच धक्क्याला लागली. संगाऊ फळीवर बसून राहिले. "जावई तर धडधाकट आहे. पुढच्या महिन्यात बघू." लाँचवाल्याने भोंगा दिला. जिंबुन सामानाची पेटी घेऊन कडेला उभा, मागे सेंदी. मग काय झालं ते कुणी नीट पाहिलं नाही. जिंबुनला पाठीत कोपर लागल्यासारखं वाटलं, आणि तो पेटीसकट खालच्या होडीत आदळला.

कडाड्.

संगाऊ खाली उतरले, स्वतः जिंबुनचा पाय चाचपला. "मोडलं? नक्की?" हाड नक्कीच मोडलं होतं. म्हाताऱ्याकडे आता एकही सबब उरली नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि लाँचमध्ये चढले. मागून जिंबुनला चढवलं.

दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. ऑपरेशन झालं, निम्मी गाठ निघाली, उरलेली महिन्याने काढू म्हणाले. म्हातारा पेज प्यायला लागला. सेंदी जिंबुनच्या उशाशी बसून म्हणाली, "मला वाटलं, नुसता मुरगळेल."

रविवारी उंगात आजोबा भेटायला आले. त्यांनी प्लास्टर वाकून वाकून पाहिलं, बोटाने टकटक केलं आणि मान हलवली.

"हे एवढंसंच? त्या काळजात फार होतं रे. अजून बरंच शिल्लक आहे."

संगाऊंनी पेजेची वाटी खाली ठेवली. "मग बाकीचं पडल्याशिवाय मी काही पुन्हा टेबलावर जात नाही."

जिंबुनने आशेने बायकोकडे पाहिलं. सेंदी त्याच्या दुसऱ्या पायाकडे बघत होती.