श्री. अशिटे सापडले आहेत

आक्राच्या विमानतळावर मला कुणी वाट दाखवावी? मला! अहो, तिथे माइकवरून घोषणा करण्यात उभी हयात गेली माझी. माझा आवाज आला की कॉफी पिणारी माणसं कप टाकून पळायची!

"अशिटेकाका, परदेशी विमानं आता नव्या इमारतीत उतरतात," टॅक्सीवाला सोवा म्हणाला.

"तू मला शिकवणार? जुन्या दाराशी सोड!"

लार्ये, माझा एकुलता एक, नऊ वर्षांनी टोरांटोहून येत होता. त्याची आई गेली तेव्हाही त्याला येता आलं नव्हतं. घरी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी झाकून ठेवली होती. दुसरं ताट कुठे ठेवलंय तेच आठवेना, इतक्या दिवसांत काढलंच नव्हतं.

दारातून माणसं आली, गेली. सगळी आपल्याच देशातली, कुमासीची नाहीतर तामालेची! म्हटलं, विमानाला उशीर झाला असेल. शेजारच्या बाईला विमानतळाचा इतिहास सांगायला घेतला. "मुळात हा युद्धातला लष्करी तळ बरं का—" ती उठून गेली. बाकावरच्या माणसाला सांगितला, तो घोरायला लागला! शेवटी पहारेकऱ्याला गाठलं. घरी ऐकायला कुणी नसतं हो, माणूस दिसला की माझा नळ सुटतो.

"आजोबा, तुमच्यासोबत कोण आहे?" त्याने मध्येच विचारलं.

"कुणी नाही."

"आणि घरी?"

"कुणी नाही."

झालं! त्याने हाताला धरून मला चौकशीच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथल्या पोरीने पाणी दिलं आणि बाळाशी बोलावं तसं विचारलं, "नाव आठवतंय का, आजोबा?"

"अशिटे! आठवतंय का काय? अगं, तुझ्या त्या माइकवर मी—"

"हो हो," म्हणत तिने माइक सुरू केला. "श्री. अशिटे नावाचे वृद्ध गृहस्थ सापडले आहेत. नातेवाइकांनी येऊन घेऊन जावे." वर फोन करून नव्या इमारतीतही तेच सांगायला लावलं. हरवलेल्या छत्र्यांसाठी मी अगदी अशीच घोषणा करायचो!

बऱ्याच वेळाने एक टकला, पोट सुटलेला माणूस धापा टाकत आत शिरला. माझ्यावरून नजर फिरवून पोरीला म्हणाला, "ताई, माझे वडील कुठे आहेत? उंच, चांगले धिप्पाड आहेत."

मीही मान वळवून त्या धिप्पाड माणसाला शोधू लागलो.

खोलीत आम्ही तिघंच होतो.

पोरगी त्याच्याकडे बघे, माझ्याकडे बघे. शेवटी मीच घसा खाकरला.

"लार्ये," म्हटलं, "थोडा बारीक झालोय रे."