सिमिलीवाले गावंड सर

गावंड सरांबरोबर मच्छीबाजारात जाऊ नये, हे मला पेणला आल्यावर आठवडाभरातच कळलं. कोळीण माझ्या बायकोला म्हणत होती, "घे गो बाय, लोण्यासारखे बोंबील हायत." तेवढ्यात मागून सर ओरडले, "सिमिली!"

"सिमिली नाय, बोंबीलच हायत," कोळीण तडकली. "घ्यायचे तर घ्या, नायतर वाट सोडा."

सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत, मी गणित. मिठागरात राबणाऱ्या घरातला हा माणूस. लग्न केलेलं नव्हतं. लोक काय म्हणतात याकडे त्यांचं लक्ष नसे. त्यातले अलंकार मात्र ते वेचून घेत. एकदा मुख्याध्यापक चिडले, "गावंड, हजारदा सांगितलं, घंटा झाली की वर्ग सोडा!"

"हायपरबोली, सर," हे शांतपणे म्हणाले. "तीनदाच सांगितलंत."

सिमिली म्हणजे उपमा, असं त्यांनी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग मेटाफर म्हणजे शिरा काय?" सगळ्यांत जास्त सरच हसले. मग म्हणाले, "तो वाघासारखा हाय, ही सिमिली. तो वाघच हाय, हा मेटाफर. 'सारखा' गेला की वाघ अंगावर येतो. समजला?" त्या वर्गातलं एकही पोर परीक्षेत तिथे चुकलं नाही.

एकदा तर पोरांना घेऊन हमरापूरला गेले. गणपतीच्या कारखान्यात एक म्हातारे कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. "आता बगतोय बगा तो माझ्याकडं," ते म्हणाले. सरांनी आनंदानं टाळी वाजवली, "परसॉनिफिकेशन!" म्हाताऱ्यांचा हात हलला आणि बाप्पाची एक भुवई वर गेली. पुढे शाळेची सहल तिकडे नेणं बंद झालं.

मीही त्यांना वल्लीच समजत होतो. पुढे माझा भाचा दिनेश रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत लागला. ही बातमी सांगितली तर सरांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाले, "रविवारी त्याला रोह्याला आणा."

आम्ही एसटीनं गेलो. स्टँडजवळच्या एका देवळाच्या ओसरीवर दहा-बारा कामगार बसले होते. काही रात्रपाळी करून तसेच आलेले. सरांनी पिशवीतून पुठ्ठे काढले. ड्रमांवर असतात ते शब्द त्यांवर ठळक इंग्रजीत लिहिलेले होते. सिमिली नाही, विनोद नाही. एकेकाला उभं करून विचारत होते. दिनेशची पाळी आली.

"इन्फ्लेमेबल. अर्थ सांग."

दिनेश बारावी झालेला. ऐटीत म्हणाला, "सोपं हाय. 'इन' लागला की अर्थ उलटा. इनकरेक्ट, इनकम्प्लीट, तसंच. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं."

 सरांनी हातातला पुठ्ठा खाली घेतला.

"नाय," ते हळूच म्हणाले. "झटकन पेट घेणारं. इथं तो नियम चालत नाय. म्हण तीनदा."

दिनेशनं म्हटलं. सरांनी आणखी तीनदा म्हणायला लावलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "हे कधीपासून चालवताय?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "प्रकाश गेल्यापासून. धाकटा भाऊ माझा. धाटावलाच होता. नवा ड्रम आलेला, त्यावर हाच शब्द. जोडीदारानं विचारलं, इथं बिडी ओढली तर चालंल काय? यानं वाचून सांगितलं, चालंल, पेट घेत नाय. त्या आगीतून जोडीदार तेवढा वाचला, त्यानंच मला सांगितलं."

मी म्हणालो, "अहो, नवा होता, चुकला असेल..."

"तो चुकला नाय," सर म्हणाले. "'इन'चा नियम त्याला मीच शिकवलेला. सातवीत. लगेच पाठ केला होता त्यानं."

कंडक्टर तिकिटं तपासून गेला. नागोठणं आलं, माणसं उतरली, चढली.  पेणच्या स्टँडवर उतरल्यावर सरांनी पिशवीतले पुठ्ठे नीट लावून घेतले.

"दिनेशला पुढल्या रविवारी पण पाठवा," ते म्हणाले. "ॲसिडच्या कॅनवरचे शब्द राहिलेत त्याचे. आणि तोवर त्याला म्हणावं, येत नसलेला शब्द दिसला तर खुशाल विचार. कुणी हसला तरी विचार."